वेशीबाहेरचा बाक

लंडनच्या पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी स्लाउच्या पुढे गेली असेल-नसेल, तेवढ्यात बाबांचा फोन आला; आणि त्या दीड मिनिटाच्या फोनपायी उदय त्या दिवशी रीडिंगला उतरायचं सोडून डिडकॉटला जाऊन पोचला. बावीस वर्षं हा माणूस रीडिंगला उतरतो आहे. पेंगत उतरला आहे, तापात उतरला आहे, एकदा तर डोळ्यांत औषध घातलेलं असताना नुसत्या अंदाजाने उतरला आहे. त्या दिवशी मात्र दारं उघडली, रोजची माणसं रोजच्यासारखी एकमेकांना वाट देत उतरली, खिडकीतून स्टेशनची पाटी त्याने स्वच्छ वाचली, आणि तो बसून राहिला. अरे, हे तर आपलं स्टेशन, असं त्याच्या मनात आलं तेव्हा गाडीने चांगला वेग घेतला होता, आणि समोरची बाई त्याच्या मांडीवर कलंडलेल्या कॉफीच्या कपाकडे बघत त्याला टिश्यू देऊ का म्हणून विचारत होती.

बाबांनी तसं काही जगावेगळं मागितलं नव्हतं. “उदय, कामात आहेस का?” असं त्यांनी नेहमीसारखं विचारलं. “नाही बाबा, ट्रेनमध्ये आहे. बोला ना.” “ते इटलीतलं गाव. आशा बघून आली होती ते. कोटाचं. मला ते बघायचं आहे. जमेल का तुला?” “हो, का नाही, बघू ना,” उदय म्हणाला आणि त्याने फोन खिशात ठेवला. बाबांना नागपूरहून येऊन तीन आठवडे झाले होते. आई गेल्यानंतर दीड वर्षाने, उदय आणि त्याची बायको सुचेता हट्टच धरून बसले म्हणून ते आले होते, आणि या तीन आठवड्यांत त्यांनी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. चहा दिला की प्यायचे, नाही दिला तर आठवण करायचे नाहीत. जन्मभर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात बसून कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुणाला पुढे काढायचं हे ठरवलेला हा माणूस, घरात मात्र कुणाच्या वाटेत यायचा नाही. उदयने त्यांना बाथ शहर सुचवलं होतं, एडिंबरा सुचवलं होतं, मायराने आजोबांसाठी लेक डिस्ट्रिक्टमधलं कॉटेज शोधून ठेवलं होतं. त्या सगळ्याला ते मान डोलवायचे. आणि आता आपण होऊन मागितलं, तर सगळं जग सोडून हे मागितलं.

डिडकॉटच्या प्लॅटफॉर्मवर परतीच्या गाडीला अडतीस मिनिटं होती. वारा होता. उदय लोखंडी बाकावर बसला, आणि बसल्याबरोबर उठला, कारण बाकावर बसून वाट बघणं त्याला गेली पाच वर्षं जमत नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तर लोक हसले असते. तो जिन्यापर्यंत गेला, परत आला. आई त्या गावात गेलीच नव्हती. एवढी साधी गोष्ट होती. ते तिघे आत गेले, तो, सुचेता आणि तेव्हा दहा वर्षांची मायरा, आणि आई वेशीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. पण नागपुरात, बाबांपासून अर्चनामावशीपर्यंत, भिशीच्या बायकांपासून खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की आशाताईंनी इटलीतलं ते जुनं गाव पाहिलं, आणि मुलाने त्यांना हाताला धरून पायरी पायरी वर नेलं. हे आईनेच सांगितलं होतं. उदयने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि तो गप्प बसला होता. आता बाबा त्या पायऱ्या बघायला निघाले होते.

तेव्हा शाळेला ऑक्टोबरची हाफ-टर्मची सुट्टी होती. आई एकटीच आली होती. बाबांची नव्वदीची बहीण अंथरुणाला खिळलेली, म्हणून ते नागपुरात थांबले होते. बाहत्तर वर्षांची आई पायांत अंगठ्याचे मोजे आणि चपला घालून हीथ्रोला उतरली. दुसऱ्याच दिवशी उदयने तिला रीडिंगच्या ओरॅकल मॉलमध्ये नेऊन बूट घेतले, राखाडी रंगाचे, गुलाबी नाडीचे. “चिकटपट्टीचे नाहीत का रे?” तिने विचारलं होतं. तिला वाकवत नसे. गुडघ्यांचं ते नेहमीचंच होतं, त्यात कमरेची भर पडली होती. “हेच चांगले असतात आई, ग्रिप आहे,” असं म्हणून त्याने कार्ड पुढे केलं, कारण पार्किंगची वेळ संपत आली होती. मग रोज सकाळी आजी सोफ्यावर बसायची आणि मायरा खाली मांडी घालून तिच्या नाड्या बांधायची, दुहेरी गाठ मारून. “आजी, तुझी पाय वर कर ना. टाइट झाला का?” “माझी नाही गं, माझे पाय,” आजी म्हणायची. आईला कुठेही टेकली की आधी पायातलं काढून पाय वर घेऊन बसायची सवय. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसली तरी चपला खाली आणि पाय खुर्चीवर. या बुटांनी ती सवय मोडली, कारण एकदा काढले की परत बांधायला मायरा लागायची.

त्या गावाचं नाव आईला शेवटपर्यंत घेता आलं नाही. गाडी वळणं घेत वर चढत होती आणि वर टेकडीच्या माथ्यावर दगडी कोट दिसत होता, सबंध गावाभोवती घातलेला, आणि आई पुढच्या सीटवरून मान काढून बघत होती. मायराला म्हणाली, “बघ, ही वेस.” “व्हॉट्स वेस?” “गावाचं दार गं.” “गावाला डोअर? मग रात्री लॉक करतात?” “पूर्वी करायचे. उशीर झाला की माणूस बाहेरच.” दोघी हसल्या. हे हसणं उदयला इतकं नीट आठवत होतं की डिडकॉटच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या त्याच्या तोंडावर तेच हसू आलं, आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. गाड्या कोटाबाहेर ठेवायच्या होत्या. तिथून वेशीपर्यंतचा चढ आईने सुचेताच्या हाताला धरून कसाबसा चढला, आणि वेशीच्या अलीकडे भिंतीला टेकून एक दगडी बाक होता, त्यावर ती बसली. दम लागला होता. वेशीतून आतली गल्ली दिसत होती, आणि गल्लीच्या टोकाला पायऱ्यांसारखं काहीतरी. आई म्हणाली, “तुम्ही या बघून. मी बसते इथे.” उदयने विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “हो रे.” तो म्हणाला, “ठीक आहे, अर्ध्या तासात आलोच.”

एकदाच विचारलं. हाच तो काटा होता आणि तो नेमका कुठे रुतला आहे हे उदयला पक्कं ठाऊक होतं. ज्या घरात तो वाढला त्या घरात पहिल्या खेपेला कुणी हो म्हणतच नसे. पाहुणा ‘नको’ म्हणायचा, आई ‘घ्या हो’ म्हणायची, पाहुणा ‘अहो खरंच नको, पोट भरलं’ म्हणायचा, आई वाटी ताटाशी न्यायची, आणि तिसऱ्या खेपेला पाहुणा ‘बरं, अर्धीच’ म्हणायचा. आईचं स्वतःचंही तसंच. मावशी म्हणायची, चल गं सिनेमाला. आई म्हणायची, तुम्ही जा, मला कामं आहेत. तिसऱ्यांदा म्हटलं की पातळ बदलायला आत. उदयला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती. उलट हा त्याचा पार्ट्यांमधला हुकमी किस्सा होता: इंग्लंडमधलं पहिलं वर्ष, मॅनेजरच्या घरी जेवण, मॅनेजरच्या बायकोने बटाटे पुढे केले, हा सवयीने ‘नो, थँक यू’ म्हणाला, आणि बटाटे जे पुढे गेले ते परत आलेच नाहीत, घरी येऊन याने ब्रेड खाल्ला. वीस वर्षं लोक त्यावर पोट धरून हसत आले होते. म्हणजे ‘नको’चा इथला अर्थ काय आणि तिथला काय, हे या माणसाइतकं कुणाला कळत नव्हतं. तो इंग्रज झाला होता म्हणून त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, असं नव्हतं. त्या क्षणी त्याला इंग्रज होणं सोयीचं होतं. आईला घेऊन गेलं असतं तर दर दहा पावलांवर थांबावं लागलं असतं, टॉवर राहिला असता, मायरा कुरकुरली असती. आई ‘नको’ म्हणाली आणि त्याला आतून हायसं वाटलं. हे त्याने सुचेतालाही कधी सांगितलं नव्हतं.

आणि अर्धा तास कसला! आत विहीर होती, मांजरं होती, एका घराच्या निळ्या झडपा होत्या, टॉवरच्या एकशे चाळीस पायऱ्या होत्या, मायराने सगळ्याचे फोटो काढले. मग भूक लागली. एका अंगणात टेबलं मांडलेली होती. तिथे सुचेता म्हणाली, “आईंना घेऊन येऊ या का रे? मी जाऊन आणते.” आणि तो म्हणाला, “राहू दे गं, तिला काय आवडणार आहे इथलं. दशम्या आहेत तिच्याजवळ.” वाढणारा माणूस सावकाश होता. बीन्सचं सूप आलं, पास्ता आला, मायराला आइस्क्रीम हवं होतं. आईचा फोन गाडीत राहिला होता, त्यात इथलं कार्डही नव्हतं. ते वेशीतून बाहेर आले तेव्हा अडीच तास झाले होते. आई तिथेच होती. अंगावर सुचेताचा कार्डिगन, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली, पाय खाली, जोडून ठेवलेले, शाळेत फोटोला बसवतात तसे. दशम्यांचा डबा उघडलेला नव्हता. “तुम्हाला भूक लागेल म्हणून ठेवल्या,” ती म्हणाली. मग म्हणाली, “कसं होतं रे?” “छान होतं,” उदय म्हणाला. “झालं तर मग,” म्हणून ती उठली. हॉटेलवर मायराने आजीचे बूट काढले तेव्हा पाय एवढे सुजले होते की नाड्यांचे वळ उठले होते. “अहो आई, बूट काढून बसायचं ना!” सुचेता म्हणाली. “गार होतं गं,” आई म्हणाली.

रीडिंगला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढत होता, आणि खालच्या खोलीत आई मायराचा टॅब मांडीवर घेऊन फोनवर अर्चनामावशीला सांगत होती. “अगं, काय ते गाव! विहीर आहे, अजून पाणी आहे तिच्यात. निळ्या खिडक्या. आणि पायऱ्या किती! उदयने हाताला धरून नेलं मला. पायरी पायरीला, आई सांभाळ, आई सांभाळ.” ती फोटो बघून सांगत होती. तो टोपली घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहिला. खाली जाऊन तिच्या पायांशी बसावं असं त्याला वाटलं. पण खाली जाऊन काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि मोज्यांच्या जोड्या लावायच्या होत्या, म्हणून तो वर गेला. नंतर कधीतरी बोलू असं त्याने ठरवलं. चार वर्षांनी नागपुरात ती गेली तेव्हा तो दोह्याच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होता.

घरी पोचायला आठ वाजले. बाबा घरामागच्या काचेच्या खोलीत बसले होते. “गाडी अडकली का कुठं?” त्यांनी विचारलं. त्यांना गाड्यांच्या बाबतीत फसवणं शक्य नव्हतं, म्हणून उदय म्हणाला, “नाही. उतरायचंच विसरलो.” बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. “होतं असं,” ते म्हणाले, “चांगल्या चांगल्या गार्डांचं झालेलं आहे.” आणि त्यांनी जेवायला किती वाजता बसायचं ते विचारलं.

पुढे सहा आठवडे उदय त्या गावात राहिल्यासारखा राहिला. बाबांच्या व्हिसासाठी दोघे लंडनला जाऊन आले. फॉर्मवर येण्याचं कारण विचारलं होतं तिथे त्याने टुरिझमवर खूण केली. ऑफिसात मीटिंग चालू असताना बाजूच्या स्क्रीनवर तो त्या गावातल्या गल्ल्यांचे फोटो उघडून बसे आणि बाबांना कुठून कसं न्यायचं ते ठरवी. विहीर आली की म्हणायचं, इथे आई जरा टेकली होती. पायऱ्या लागल्या की सांगायचं, इथे तिचा हात धरला. कुठला हात? डावा, उजव्या हातात पर्स होती. आपण खोट्याची रंगीत तालीम करतो आहोत हे त्याला कळत होतं. एकोणऐंशी वर्षांच्या बापाच्या तोंडावर, एकेका पायरीला एकेक खोटं बोलायचं, किंवा खरं सांगून मेलेल्या आईला खोटं पाडायचं. तिने त्याची अब्रू झाकली होती, आणि ते झाकण काढायचं तर तिलाच उघडं करावं लागत होतं. सुचेता एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, “सांगून टाक ना त्यांना. आपल्या हातून वेळेचं भान सुटलं म्हणावं.” ती ‘आपल्या’ म्हणाली. तिच्या त्या चांगुलपणाचाच त्याला राग आला. “आणि हाताला धरून नेलं त्याचं काय?” तो म्हणाला. सुचेता पुसलेली ताटली परत पुसायला लागली. “मी येऊ का तुमच्याबरोबर?” तिने विचारलं. मायराची परीक्षा तोंडावर होती. तो नको म्हणाला.

मे महिन्यात ते दोघेच गेले. विमानतळावरून गाडी घेतली, रात्र खालच्या शहरात काढली, आणि सकाळी ऊन चढायच्या आत निघाले. टेकड्या हिरव्या होत्या. बाबा पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आईने घेतली होती तशीच, आणि खालचा रेल्वेमार्ग दिसेनासा होईपर्यंत बघत होते. उदयने दोनदा घसा साफ केला. “बाबा, त्या दिवशी ना, आम्ही इथे आलो तेव्हा...” “समोर बघ,” बाबा म्हणाले, “वळण आहे.” वळण संपलं, दुसरं आलं. मग कोट दिसला. पाच वर्षांत त्याचा एक दगड इकडचा तिकडे झालेला नव्हता. आता सांगायचं राहिलं ते राहिलंच, असं उदयला वाटलं.

गाडी ठेवून ते चढ चढले. बाबांनी हात धरू दिला नाही. वेस आली. लाकडी दारं केव्हाच गेलेली, नुसत्या लोखंडी बिजागऱ्या भिंतीत राहिलेल्या, आणि आत उन्हात पडलेली गल्ली. उदयने मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवून ठेवलं. पण बाबांनी वेशीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते डावीकडे वळले, भिंतीच्या कडेने चार पावलं गेले आणि त्या बाकापाशी उभे राहिले. वाकून त्यांनी दगडावरून हात फिरवला. मग वेशीकडे पाठ करून बसले आणि समोर बघायला लागले. “नळ,” ते म्हणाले. समोर एक पितळी नळ होता, त्याखाली दगडी कुंडी. “गळतो म्हणाली होती. अजून गळतो.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “कचऱ्याचे तीन डबे. त्यातला एक पिवळा. बरोबर. भिंतीतून उगवलेलं झाड, ते ते असेल. आणि त्या तिथं बस येते. आत कुणी नसलं तरी ड्रायव्हर वळवून नेतो.” ते एकेक गोष्ट बोट दाखवून सांगत होते, कंट्रोलच्या चार्टवर गाड्यांच्या खुणा कराव्या तशा. उदय उभाच होता. यातलं काही आईने मावशीला सांगितलेलं नव्हतं. कुठल्या फोटोतही हे नव्हतं. नळाचा आणि कचऱ्याच्या डब्यांचा फोटो कोण काढतो?

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

“ती परत आली त्याच दिवशी सांगितलं तिने. चहा पिता पिता.” बाबा अजून समोरच बघत होते. “जगाला काय सांगायचं ते जगाला. मला कशाला खोटं सांगेल ती? ती अर्चनाशी बोलायची तेव्हा मी असा पेपर धरून बसायचो तोंडापुढं. म्हणायची, पोराला नावं ठेवतील लोक.”

सहा आठवडे त्याने ज्याची तालीम केली होती ते सगळं त्या नळाखालच्या कुंडीत पडल्यासारखं झालं. बाबा म्हणाले, “जा, तू ये बघून. मी बसतो इथं.”

“चला ना बाबा. हळूहळू जाऊ.”

“नको रे. तू जा.”

“चला. मी धरतो हात.” त्याने हात पुढे केला.

“नको.”

“बाबा, चला,” तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, इटलीतल्या त्या वेशीपाशी हात पुढे करून, परक्या लोकांसमोर लहान मुलासारखा रडत उभा राहिला. एक जोडपं वेशीतून बाहेर येत होतं, ते जरा थबकलं आणि सभ्यपणे दुसरीकडे बघत खाली उतरून गेलं.

बाबांनी त्याचा हात धरला, पण उठण्यासाठी नाही. त्याला शेजारी बसवण्यासाठी धरला. “मी खरंच नको म्हणून राहिलो,” ते म्हणाले. “तिने पाहिलं तेवढंच मला बघायचं आहे. आत काय आहे ते तिला माहीत नव्हतं, मलाही नको. किती वेळ बसली होती ती?”

“अडीच तास.”

“किती वाजल्यापासून?”

“साडेअकराला आम्ही आत गेलो.”

बाबांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. “मग आठ मिनिटांनी सुरू झालं असं धर,” ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

अडीच तास म्हणजे केवढे, हे उदयला माहीत आहे असं त्याला वाटत होतं. त्याने ते पाच वर्षं मनात वागवले होते. पण मनातले अडीच तास आणि दगडावर बसून काढलेले अडीच तास वेगळे होते. पहिल्या वीस मिनिटांत दगडाचा गारवा कमरेत शिरला. नळ गळत होता. बस आली, वळली, गेली. माणसं चढ चढून यायची, धापा टाकत हसायची, वेशीतून आत जायची, आणि आतून हसण्याचे, ताटल्यांचे, कुत्र्याच्या भुंकण्याचे आवाज यायचे. म्हणजे आत काहीतरी छान चाललं आहे एवढं इथे बसलेल्याला कळायचं. वेशीतून पावलं वाजली की त्याची मान आपोआप वळायची. पावलं दुसऱ्याच कुणाची तरी असायची. तासाभरात किती वेळा त्याने मान वळवली ते त्याने मोजलं नाही, पण आईनेही ती वळवली असणार, आणि तिची मानही दुखायची, हे त्याला आत्ता आठवलं. एकदा तो उठून वेशीपर्यंत गेला. गल्ली विहिरीपर्यंत सपाट होती. एक पायरी नव्हती. विहिरीपाशी बसायला कट्टा होता, मांजरं तिथेच होती. तिथपर्यंत तिला चालता आलं असतं.

तो परत येऊन बसला. “विहिरीपर्यंत सपाट आहे,” तो म्हणाला.

“हो. सांगत होती. वेशीपर्यंत जाऊन बघून आली होती एकदा. मग वाटलं, आपण आत गेलो आणि तू दुसरीकडून आलास तर चुकामूक होईल. आली परत.” बाबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि त्याच्याकडे दिली. तो बाटली नुसती धरून बसला. “तुला बोल लावायला नाही सांगत. तिच्या मनात तसं काही नव्हतं. पाय मात्र सुजले होते म्हणाली.”

“सुचेता म्हणाली होती तिला, बूट काढून बसायचं होतं म्हणून. थंडी होती ना.”

“थंडी कसली!” बाबा म्हणाले. “ऊन होतं की. काढले असते तर मग बांधणार कोण? मायरा तर तुमच्याबरोबर आत. म्हणाली, मी बूट घालूनच बसले हो. न जाणो, उदय परत आला बोलवायला, म्हणाला चल आई, तर तयार असलेलं बरं.”

उदयने वेशीकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. बाबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवला. अजून एक तास दहा मिनिटं बाकी होती.